प्रश्न आपले : एका दुपारी गेलेल्या २७ हजार फायली

प्रश्न : आमचे कार्यालय नळपाणी योजनांचे नकाशे आणि अंदाजपत्रके तयार करते. सहा अभियंते आणि दोन आरेखक आहेत. पाहणीचे नकाशे, निविदा, मोजमाप पुस्तिकांच्या स्कॅन प्रती, देयके असे सगळे मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील शेअरपॉइंटच्या (कार्यालयाच्या सामाईक फायली इंटरनेटवर ठेवण्याच्या सोयीच्या) एकाच लायब्ररीत असते आणि ती लायब्ररी प्रत्येकाच्या संगणकावर वनड्राइव्हमार्फत सिंक केलेली आहे, म्हणजे एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे आपोआप होतो. ३ जून रोजी एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर सी ड्राइव्ह भरल्याची लाल पट्टी दिसू लागली. त्याने जुन्या योजनांची १४ फोल्डरे निवडून शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकदम दाबली. आपल्या लॅपटॉपवरची प्रत जाईल, 'वरची' मूळ प्रत राहील, असा त्याचा समज होता. १४ जूनला एका योजनेचे अंतिम देयक शोधताना फोल्डरच नाही हे लक्षात आले. मोजल्यावर सुमारे २७ हजार फायली गेल्याचे दिसते. वेबवरील रिसायकल बिन उघडून आम्ही हाताने निवडून फायली परत आणू लागलो, पण दोन दिवसांत ९०० झाल्या आणि काहींच्या बाबतीत त्याच नावाची फाइल आधीच असल्याचा संदेश येतो. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ लॅपटॉपची डिस्क काढून रिकव्हरीसाठी पाठवा असे सांगतात. आम्ही काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मासिक छापून हाती पडेपर्यंत मुदती उलटून जातात, म्हणून या पत्राला ई-मेलने त्याच दिवशी उत्तर दिले होते. तेच येथे थोडे विस्ताराने देत आहे, कारण याच स्वरूपाची आणखी काही पत्रे आली आहेत.

आधी दिवसांचा हिशेब करावा. शेअरपॉइंटमधून आणि कार्यालयीन वनड्राइव्हमधून हटवलेली फाइल ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये राहते, आणि हे ९३ दिवस आपल्या लक्षात आले त्या दिवसापासून नव्हे, तर फाइल हटवली गेली त्या दिवसापासून मोजले जातात. ३ जूनला गेलेल्या फायलींची मुदत त्यामुळे ४ सप्टेंबरच्या सुमारास संपते. रिसायकल बिनचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यातून कोणी फाइल काढून टाकली तर ती दुसऱ्या टप्प्यात जाते आणि तो टप्पा फक्त साइटच्या प्रशासकाला दिसतो. परंतु दोन्ही टप्प्यांचे मिळून ९३ दिवस आहेत, प्रत्येकी ९३ नव्हेत. त्यानंतरही मायक्रोसॉफ्टकडे १४ दिवसांपर्यंतची राखीव प्रत असते, मात्र ती प्रशासकाने तक्रार नोंदवून मागावी लागते आणि संपूर्ण साइटच मागच्या तारखेला नेली जाते. निवडक फायली मिळत नाहीत. ती आशा धरून निवांत बसू नये. तुमच्याकडे मात्र अडीच महिन्यांहून अधिक वेळ आहे, म्हणून घाई नको आणि हाताने निवडून फायली परत आणण्याचा उद्योग तर आजच थांबवावा. तो अर्धवट झाल्यामुळेच पुढच्या कामात गुंतागुंत वाढते.

डिस्क रिकव्हरीला पाठवू नये. शिफ्ट दाबून हटवल्यामुळे फक्त त्या लॅपटॉपवरील विंडोजची कचरापेटी टळली. क्लाउडवरची कचरापेटी त्याने टळत नाही. दुसरे असे की, त्या फोल्डरांतील बऱ्याच फायलींसमोर निळ्या ढगाचे चिन्ह असणार. असे चिन्ह असलेली फाइल डिस्कवर नसतेच, तेथे केवळ तिचे नाव आणि आकाराची नोंद असते. जे डिस्कवर कधी उतरलेच नाही ते डिस्कमधून कोणी काढून देऊ शकत नाही. ज्या फायली खरोखर उतरल्या होत्या, त्यांचीही एसएसडी प्रकारच्या (फिरती तबकडी नसलेल्या) डिस्कवर फारशी आशा नसते, कारण हटवलेल्या जागा ती डिस्क स्वतःहून साफ करून टाकते. तो खर्च वाचवा.

त्याऐवजी एक गोष्ट आज संध्याकाळपर्यंत करा. कार्यालयातील असा एखादा संगणक शोधा, जो ३ जूनपासून सुरूच झालेला नाही. कोणी दीर्घ रजेवर असेल, कोणाचा लॅपटॉप कामाच्या जागेवरील कपाटात पडून असेल. अशा संगणकाला अजून त्या हटवण्याची बातमी कळलेली नसते. तो सुरू करण्यापूर्वी नेटवर्कची केबल काढावी, जवळचे वायफाय राउटर बंद ठेवावे, मग संगणक सुरू करून ती १४ फोल्डरे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि त्यानंतरच नेट जोडावे. हिरवी खूण असलेल्या, म्हणजे डिस्कवर उतरलेल्या, फायली यात पूर्ण मिळतील, निळ्या ढगाच्या मिळणार नाहीत. पत्रलेखकांनी नंतर कळवले की एका आरेखक बाईंचा लॅपटॉप मे महिन्यापासून बंद होता आणि त्यातून चार योजनांचे नकाशे जसेच्या तसे हाती आले. त्यांवर सगळी भिस्त ठेवता येणार नाही, पण पुढे पडताळणीसाठी ते सोन्यासारखे आहेत.

आता मुख्य काम. शेअरपॉइंटच्या लायब्ररीत उजवीकडे वर गिअरच्या चिन्हाखाली संपूर्ण लायब्ररी मागच्या वेळेला नेण्याची सोय असते. गेल्या ३० दिवसांतील कोणताही क्षण निवडता येतो आणि कोणत्या दिवशी किती हालचाल झाली हे उभ्या पट्ट्यांच्या आलेखात दिसते. ३ जूनची पट्टी तुमच्याकडे ताडासारखी उभी असेल. हा प्रकार त्याच दिवशी लक्षात आला असता तर मी डोळे झाकून हाच मार्ग सांगितला असता. परंतु ही सोय मधला एखादाच बदल उचलून मागे घेत नाही. एखादी नोंद निवडली की तिच्यानंतरचे सर्व बदल आपोआप निवडले जातात. म्हणजे ३ जूनच्या आधी गेलात, तर नंतरच्या दिवसांत आठ जणांनी केलेली दुरुस्ती मागे जाईल आणि या काळात नव्याने तयार झालेल्या फायली रिसायकल बिनमध्ये जातील. ज्या फायली हटवल्यानंतर कोणी पुन्हा अपलोड केल्या आहेत, त्या तर ही सोय वगळूनच पुढे जाते. शिवाय निविदेचे काम चालू असताना हा धोका कोणत्या साहेबांनी पत्करावा?

म्हणून तुमच्यासाठी मार्ग पॉवरशेलचा, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीचा. 'पीएनपी पॉवरशेल' नावाचा एक मुक्त संच आहे, जो शेअरपॉइंटच्या प्रशासकांच्या रोजच्या वापरात असतो. त्यासाठी पॉवरशेलची सातवी आवृत्ती लागते आणि सप्टेंबर २०२४ पासून आपल्या संस्थेच्या नावाने एन्ट्रा आयडीमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या खाती सांभाळणाऱ्या सेवेत) स्वतंत्र अ‍ॅप नोंदवावे लागते. जुन्या लेखांत ही पायरी नसल्यामुळे अनेक जण तेथेच अडकतात. तुमचे मायक्रोसॉफ्ट खाते ज्याच्या हाती आहे, त्याच्याकडून एवढे करून घ्या. या संचात रिसायकल बिनची यादी मागवणारी एक आज्ञा आहे आणि त्यातील नोंदी परत जागेवर नेणारी दुसरी.

पहिल्या दिवशी फक्त यादी काढावी, काहीही परत आणू नये. यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून एक्सेलमध्ये उघडली की प्रत्येक ओळीत फाइलचे नाव, ती कोणत्या फोल्डरात होती तो पत्ता, कोणी हटवली, कधी हटवली आणि आकार दिसतो. वेळेनुसार क्रम लावावा. ३ जूनच्या दुपारी एकाच खात्याच्या नावावर, काही सेकंदांच्या अंतराने, हजारो ओळी सलग दिसतील. फोल्डर वेबवरून हटवले तर ते सहसा एकच नोंद म्हणून पेटीत पडते आणि एका क्लिकने सगळे परत येते. सिंक केलेल्या संगणकावरून हटवले की सहसा फाइल फाइल करून निरोप जातो, म्हणून १४ फोल्डरांऐवजी २७ हजार नोंदी झाल्या आणि वेबवरचे पान खाली सरकता सरकता थकून गेले. त्या सलग पट्ट्याच्या वर आणि खाली दिसणाऱ्या ओळी नीट पाहाव्यात. त्यांत कोणीतरी जाणूनबुजून टाकलेले जुने मसुदे, दुबार स्कॅन, चुकीची देयके असतात, आणि ती परत आली तर वेगळाच घोळ होतो. खाते आणि वेळ या दोन चाळण्या लावून उरलेली यादी हीच तुमची कामाची यादी.

दुसऱ्या दिवशी सर्वांच्या संगणकांवर वनड्राइव्हचे सिंक २४ तासांसाठी थांबवावे. घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक केले की ती सोय सापडते. २७ हजार फायली एकाच वेळी आठ संगणकांवर उतरू लागल्या तर कार्यालयाचे नेट दिवसभर गुदमरेल. मग 'त्याच नावाची फाइल आधीच आहे' या अडचणीचा बंदोबस्त करावा. गेलेल्या फोल्डरांच्या नावाने ३ जूननंतर कोणी नवी फोल्डरे केली असतील, आणि तुम्ही हाताने आणलेल्या ९०० फायलीही काही ठिकाणी आडव्या येतील. नव्या फोल्डराच्या नावापुढे 'जून नवे' असे काहीतरी जोडून ते बाजूला करावे, म्हणजे मूळ पत्ता मोकळा होतो. मूळ फोल्डर अस्तित्वात नसेल तरी हरकत नाही. फाइल परत येताना तिचे फोल्डर आपोआप पुन्हा तयार होते.

आधी एका लहान योजनेच्या १० फायली आणून पाहाव्यात, त्या उघडतात का, पत्ता बरोबर आहे का, हे तपासावे आणि मगच फोल्डरागणिक पुढे जावे. एकदम सगळे सोडले तर मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर मध्येच 'थोडे थांबा' असे सांगून विनंत्या नाकारू लागतो, म्हणून प्रत्येक तुकडीनंतर काही विश्रांती ठेवावी आणि न जमलेल्या प्रत्येक नोंदीचे नाव वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जाईल अशी व्यवस्था स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या लेखी यादीत) असावी. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग २७ हजारांपैकी नेमक्या कोणत्या ३०० राहिल्या हे शोधण्यात आठवडा घालवतात. अशा तऱ्हेने परत आलेली फाइल ही नवी प्रत नसते, तीच मूळ फाइल असते, त्यामुळे तिच्या जुन्या आवृत्त्याही तिच्याबरोबर येतात.

सहकाऱ्याविषयी पत्रात आणखी चार ओळी होत्या, त्या येथे छापलेल्या नाहीत. फाइल एक्सप्लोररमध्ये एखादे फोल्डर इतर फोल्डरांसारखेच दिसत असेल, तर ते सगळ्यांचे सामाईक आहे हे माणसाच्या ध्यानात राहणे अवघड आहे. अशा फायली सर्वत्र हटवल्या जातील, अशी सूचना वनड्राइव्ह देते, पण त्याच चौकटीत 'पुन्हा दाखवू नये' अशीही खूण असते आणि ती आपण सगळेच करतो. त्याने करायला हवे होते ते एवढेच : फोल्डरावर उजवे क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडणे. त्याने डिस्कवरची जागा मोकळी होते, हिरवी खूण जाऊन निळा ढग येतो आणि फाइल वर तशीच राहते. उद्या आठही जणांना एकत्र बसवून हे एकदा करून दाखवा, त्या सहकाऱ्याच्याच लॅपटॉपवर दाखवलेत तर अधिक चांगले.

प्रश्न : आमच्या शिक्षण संस्थेत गूगल वर्कस्पेस आहे. लिपिकाने जागा मोकळी करण्यासाठी ड्राइव्हमधील काही फोल्डरे हटवली आणि लगेच ट्रॅशही रिकामी केली. त्यात पाच वर्षांचे प्रवेश अर्ज आणि दाखल्यांच्या प्रती होत्या. आज नववा दिवस आहे. गंमत अशी की काही शिक्षकांना त्यांच्या फायली अजूनही शोधात सापडतात, पण फोल्डर मात्र दिसत नाही.
– मुख्य लिपिक, नाशिक

उत्तर : ट्रॅश रिकामी झाली तरी संस्थेच्या प्रशासकाकडे २५ दिवस असतात, त्यांपैकी आपल्याकडे १६ उरले आहेत. प्रशासकाने अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये डिरेक्टरी, मग यूजर्स येथे जाऊन त्या लिपिकाचे खाते उघडावे, 'रिस्टोअर डेटा' निवडावे, ट्रॅश रिकामी केली त्या दिवसाचा समावेश होईल असा तारखांचा टप्पा द्यावा आणि अ‍ॅप म्हणून ड्राइव्ह निवडावे. येथे फायली वेचून घेता येत नाहीत. त्या तारखांत त्या खात्यातून कायमचे गेलेले सगळे परत येते. त्यामुळे टप्पा शक्य तितका आखूड ठेवावा. फायली लगेच दिसल्या नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा तीच आज्ञा देऊ नये, एक-दोन दिवस वाट पाहावी. एरवी ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. ऑक्टोबर २०२० पूर्वी ती आपण काढेपर्यंत तेथेच पडून राहत असे, आणि ट्रॅशचाच गोदामासारखा वापर करण्याची त्या काळातली सवय काही कार्यालयांत अजून गेलेली नाही.

शिक्षकांच्या फायलींचे कोडे मालकीचे आहे. 'माय ड्राइव्ह'मधील प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि फोल्डर हटवणारा माणूस इतरांच्या मालकीच्या फायली नष्ट करू शकत नाही. फोल्डर गेले की त्या फायली निराधार होतात, पण त्या असतात. प्रत्येक शिक्षकाने आपल्या ड्राइव्हच्या शोधपट्टीत रोमन अक्षरांत 'इज', कोलन, 'अनऑर्गनाइज्ड', एक मोकळी जागा, 'ओनर', कोलन, 'मी' असे टंकावे. मधल्या शब्दाचे स्पेलिंग अमेरिकन आहे, त्यात 'झेड' येतो, 'एस' लिहिल्यास काहीच सापडत नाही. निघालेल्या फायली निवडून नव्या फोल्डरात हलवाव्यात. प्रशासकाला कोणाच्या कोणत्या फायली होत्या हे पाहायचे असेल तर ड्राइव्हच्या नोंदवहीत, म्हणजे ऑडिट लॉगमध्ये, गेल्या सहा महिन्यांतील हटवण्याच्या घटना खात्यानुसार दिसतात.

हे झाल्यावर प्रवेश अर्ज कोणाच्याही 'माय ड्राइव्ह'मध्ये ठेवू नयेत. 'शेअर्ड ड्राइव्ह' करून तेथे ठेवावेत. तेथे मालक व्यक्ती नसून संस्था असते, आणि 'काँट्रिब्युटर' ही भूमिका दिलेला माणूस फायली भरू आणि बदलू शकतो, पण ट्रॅशमध्ये टाकू शकत नाही. कायमचे काढणे फक्त 'मॅनेजर'ला जमते. लिपिकाला काँट्रिब्युटर करा. मुख्याध्यापकांनाही तेच करा, असे मी सुचवीन, पण ते आपल्याला सांगता येईल की नाही हे आपणच जाणता.

प्रश्न : नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते आम्ही गूगल वर्कस्पेसमधून काढून टाकले. आता कळते की त्याच्या ड्राइव्हमध्ये सर्व ग्राहकांचे करार होते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खाते काढल्यापासून २० दिवसांच्या आत ते प्रशासकाला परत जिवंत करता येते. आजच करावे, मग मालकी दुसऱ्या खात्याकडे सोपवावी आणि त्यानंतरच ते पुन्हा काढावे. मायक्रोसॉफ्टकडे ही मुदत ३० दिवसांची आहे आणि त्या माणसाचे वनड्राइव्हही आधीपासून ठरलेल्या व्यवस्थेनुसार तितकेच दिवस राखले जाते. तो आकडा प्रशासकाला कित्येक वर्षांपर्यंत वाढवता येतो, परंतु खाते काढण्यापूर्वी.

प्रश्न : क्लाउडवर विश्वास नको म्हणून आम्ही रोज रात्री रोबोकॉपीने (विंडोजमधील नक्कल करणाऱ्या आज्ञेने) सगळा डेटा कार्यालयातील नेटवर्क डिस्कवर उतरवतो. शुक्रवारी दुपारी एक फोल्डर चुकून गेले आणि सोमवारी पाहिले तर नेटवर्क डिस्कवरही ते नव्हते. असे कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या आज्ञेत 'मिरर' हा पर्याय असणार. आरशात समोरचे जे आहे तेच दिसते. मुळातून फोल्डर गेले की शुक्रवारच्या रात्री प्रतीतूनही ते काढले गेले, आणि रोबोकॉपीने आपले काम चोख केले. तो पर्याय काढून फक्त उपफोल्डरांसह नक्कल करण्याचा पर्याय ठेवल्यास प्रत हटवली जात नाही, पण डिस्क हळूहळू भरत जाते. त्यापेक्षा नेटवर्क डिस्कवर स्नॅपशॉटची, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी जपून ठेवण्याची, सोय आहे का ते पाहावे. बहुतेक चांगल्या उपकरणांत ती असते आणि बहुतेक कार्यालयांत ती बंदच असते. रोज रात्रीची नक्कल सुरू होण्यापूर्वी एक स्नॅपशॉट आणि तो किमान ३० दिवस राखण्याची मुदत असे ठरवून द्यावे. शुक्रवारच्या फोल्डरासाठी मात्र आधी क्लाउडच्या रिसायकल बिनमध्ये डोकावून पाहा. तीन दिवसांत ते तेथून कोठे जाणार नाही.